लेकीला एडीएचडी आहे हे कॉलेजच्या ॲप्लिकेशनमध्ये सांगायचं का?

पत्र थोडक्यात असं आहे. अमेरिकेत बरीच वर्षं राहिलेली एक आई लिहितेय. मुलगी येत्या ऑगस्टमध्ये बारावीत जाईल. नववीत सगळे ए, दहावीत एकदम केमिस्ट्री आणि वर्ल्ड हिस्टरीत सी, बाकी दोन विषयांत बी. ते वर्ष घरात नुसती भांडणं, फोन काढून घेणं, आळशी म्हणणं. अकरावीच्या सुरुवातीला तपासणी केली तर एडीएचडी निघालं, उड्या मारणारं नाही, लक्ष न टिकणारं. शाळेने ५०४ प्लॅन, म्हणजे डिसॅबिलिटी असलेल्या मुलांसाठीचा सवलतींचा लेखी आराखडा दिला, टेस्टला दीडपट वेळ मिळतो, गोळी सुरू झाली, आणि अकरावीत गाडी परत रुळावर. आता कॉलेजचे फॉर्म भरायचेत. शाळेचा काउन्सेलर म्हणतो दोन ओळीत सांगून टाका. नवरा म्हणतो झाकली मूठ सव्वा लाखाची, फॉर्मवर असं काही लिहिलं की कॉम्प्युटरच बाजूला काढतो, आणि मी पण लहानपणी असाच होतो, माझं काय अडलं? मुलीने तर अख्खा एसेच त्यावर लिहायला घेतलाय. आई लिहितात, "ती तशी नाहीये हो, फक्त लक्ष लागत नाही. सासूबाईंनासुद्धा आम्ही सांगितलेलं नाही. मग अनोळखी माणसांना कशाला सांगायचं? आणि एसएटीला जास्त वेळ घेतला तर ते कॉलेजला दिसतं का?"

सगळ्यात सोपा प्रश्न तुम्ही शेवटी विचारलाय, तो आधी संपवते. नाही, दिसत नाही. पूर्वी दिसायचं, म्हणजे जास्त वेळ घेऊन परीक्षा दिली तर मार्कांसोबत तशी खूण जायची, पण एसएटी ही प्रवेश परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाने ती २००३ मध्येच बंद केली आणि एसीटी या दुसऱ्या परीक्षेवाल्यांनीही त्याच सुमाराला. लॉ स्कूलच्या एलसॅटवाल्यांनी मात्र २०१४ पर्यंत धरून ठेवली होती, कोर्टकचेरी झाली तेव्हा सोडली. त्यामुळे व्हॉट्सॲप ग्रुपवर जे कोणी अजून सांगतंय की स्कोअरवर स्टार येतो, त्यांची बातमी वीसेक वर्षं शिळी आहे.

तुमच्या मिस्टरांची कॉम्प्युटरची भीतीही त्यातलीच. फॉर्मवर तसा चौकोनच नसतो हो. १९७३ च्या रिहॅबिलिटेशन ॲक्टचं जे सेक्शन ५०४ आहे, ज्याच्या नावाने तिचा शाळेतला प्लॅन चालतो, त्याच्याच नियमात असं आहे की सरकारी पैसा घेणाऱ्या कॉलेजने ॲडमिशन द्यायच्या आधी मुलाला काही डिसॅबिलिटी आहे का असं विचारायचं नाही, आणि सरकारी पैसा घेत नाही असं कॉलेज इथे शोधूनच काढावं लागेल. पुढे १९९० चा एडीए, म्हणजे डिसॅबिलिटी असलेल्यांशी भेदभाव नको हा कायदाही आहेच. शाळेकडून जी ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे चार वर्षांच्या ग्रेड्सची यादी जाते तिच्यावर ५०४ किंवा आयईपीचा (स्पेशल एज्युकेशनमधल्या मुलांच्या वैयक्तिक प्लॅनचा) उल्लेख नसावा हेही शिक्षण खात्याच्या सिव्हिल राइट्स ऑफिसने २००८ मध्ये स्पष्ट लिहून दिलंय. म्हणजे तुम्ही सांगितल्याशिवाय, किंवा तुमच्या परवानगीने काउन्सेलरने सांगितल्याशिवाय, कॉलेजला काही कळत नाही. (तरी ट्रान्स्क्रिप्टची कॉपी एकदा मागवून डोळ्याखालून घाला, ऑफिसात माणसंच काम करतात.)

मग मूठ झाकलेली आहे, प्रश्न मिटला? तर नाही, कारण मुठीत नक्की काय झाकलंय ते बघा जरा. डायग्नोसिस झाकलेलं आहे. दोन सी झाकलेले नाहीत. फाइल वाचणाऱ्या माणसाला नववीतली ए वाली मुलगी दिसते, मग दहावीत ती घसरलेली दिसते, मग अकरावीत परत वर आलेली दिसते, आणि मधे काय झालं याबद्दल एक अक्षर नाही. तो काय करेल? त्याच्याकडे फाइलला दहा-पंधरा मिनिटं असतील नसतील, तो स्वतःच एक कारण धरून चालेल, अभ्यास सोडला असेल, किंवा घरात काहीतरी झालं असेल, किंवा मग कारणाच्या भानगडीत न पडता नुसते दोन सी मोजेल. मिस्टरांना वाटतंय की गप्प राहिलं तर कोरी पाटी राहते. तुमच्या केसमध्ये ती कोरी नाहीये, तिच्यावर आधीच काहीतरी लिहिलेलं आहे आणि ते वाचायचं कसं हे तुम्ही समोरच्यावर सोडताय.

म्हणून मला विचाराल तर "सांगायचं की नाही" हा प्रश्न सुरुवातीला घ्यायचाच नाही. आधी ट्रान्स्क्रिप्ट समोर ठेवायची आणि परक्या माणसासारखी वाचायची, कुठे असं काही आहे का जे समजत नाही. नसेल तर विषय संपला. मला असे आईबाप भेटतात ज्यांच्या मुलाला तिसरीपासून डिस्लेक्सिया आहे, मुलगा मदत घेऊन छान शिकलाय, ग्रेड्स सरळ रेषेत आहेत, आणि तरीही त्यांना वाटतं प्रामाणिकपणा म्हणून सांगावं. कशासाठी? मुलाला स्वतःला त्याबद्दल काही सांगावंसं वाटत असेल तर वेगळी गोष्ट, पण नुसतं नोंद म्हणून देणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. ॲप्लिकेशन म्हणजे मेडिकल फॉर्म नव्हे. न सांगणं हे खोटं बोलणं होत नाही, कायद्याने तर नाहीच आणि माझ्या मते तसंही नाही.

पण डिस्लेक्सियामुळे शाळेनेच फॉरेन लँग्वेजमधून सूट दिली असेल, आणि कॉलेजला दोन वर्षांची लँग्वेज हवी असेल, तर तिथे खड्डा आहे आणि तो बुजवायलाच हवा, गप्प बसून चालायचं नाही. तसंच वर्ष मधेच सोडलेलं, शाळा बदललेली, एखादा कोर्स परत केलेला. आणि तुमच्या मुलीसारखं, एक वर्ष खाली, मग कारण सापडलं, मग वर. खरं सांगू का, सांगण्यासाठी याच्याइतकी सरळ केस क्वचित असते, कारण इथे कारण आणि त्याचा पुरावा एकाच कागदावर आहेत. डायग्नोसिसच्या आधीचे मार्क आणि नंतरचे मार्क. काउन्सेलर उगाच नाही म्हणत.

अवघड केस तिसरी असते, तुमची नाही पण हे वाचणाऱ्यांपैकी कोणाची तरी असेल म्हणून लिहिते. डायग्नोसिस झालंय, पण मार्क अजून तिथेच आहेत, किंवा डायग्नोसिस बारावीच्या सप्टेंबरमध्ये झालं आणि अजून काही सुधारणा दिसायला वेळच मिळाला नाही. तिथे नुसतं "मला एडीएचडी आहे म्हणून मार्क कमी" असं लिहिलं की वाचणाऱ्याच्या मनात पुढचा प्रश्न येतो, की मग कॉलेजात काय वेगळं होणार आहे? त्याचं उत्तर असेल, म्हणजे मदत सुरू झाली आहे, पहिल्या क्वार्टरचे मार्क बरे आहेत, मिड-इयर रिपोर्ट जाईल त्यात अजून दिसेल, तर सांगा. उत्तर नसेल तर मी थांबायला सांगेन, किंवा एक वर्ष कम्युनिटी कॉलेज वगैरे रस्ते बघायला सांगेन.

आता भेदभावाचं. कायदा आहे म्हणजे भेदभाव होतच नाही असं मी तुम्हाला सांगणार नाही, तुम्हीही विश्वास ठेवणार नाही. नकाराच्या पत्रात कारण लिहीत नाहीत, त्यामुळे कोणाला कशामुळे नाकारलं हे कधीच कळत नाही. काही लोक यावर म्हणतात की ज्या कॉलेजने या कारणाने नाकारलं तिथे जायचंच कशाला. मला हे फारसं पटत नाही. फाइल वाचणारा एक माणूस म्हणजे कॉलेज नव्हे. तो थकलेला असेल, त्याची समजूत जुनी असेल, आणि त्याच कॉलेजात मदत करणारं ऑफिस उत्तम असू शकतं. तेव्हा धोका शून्य नाही, पण तुमच्याकडे तो दोन्ही बाजूंनी आहे. सांगितलं तर एखादा वाचणारा दचकेल हा धोका, आणि नाही सांगितलं तर सगळेच वाचणारे दोन सी बघून कपाळाला आठ्या घालतील हा धोका. मला दुसरा मोठा वाटतो. आणि पहिला कमी करता येतो, कसं सांगता त्यावर.

कसं सांगायचं, तर थोडक्यात आणि एकाच जागी. किंवा फार तर दोन, काउन्सेलर आणि ती स्वतः, पण दोघांनी तेच तेच नाही.

काउन्सेलरचं पत्र ही माझी सगळ्यात आवडती जागा. तिथे हे मोठ्या माणसाच्या, शाळेच्या तोंडून येतं, सबब वाटत नाही, आणि तो "आमच्या शाळेत अकरावीचं वेळापत्रक दहावीपेक्षा अवघड आहे आणि तरी ही वर आली" असं म्हणू शकतो जे मुलीने स्वतः म्हटलं तर बढाई वाटेल. पण त्याला स्पष्ट सांगावं लागतं की हे लिहायला आमची परवानगी आहे, तेही ईमेलवर. आणि तो ईमेल तुम्ही नाही, तिने पाठवायचा. याबद्दल खाली परत बोलते.

दुसरी जागा कॉमन ॲपमधली, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणाऱ्या एकाच ऑनलाइन फॉर्ममधली. मुख्य एसे वेगळा, तो ६५० शब्दांपर्यंत. त्याशिवाय ॲडिशनल इन्फर्मेशन म्हणून जागा असते, ती २०२५ च्या सीझनपासून ३०० शब्दांवर आणलीय, आणि चॅलेंजेस अँड सर्कमस्टान्सेस म्हणून आणखी एक २५० शब्दांची. ही दुसरी अगदी याचसाठी आहे. पण २५० आहेत म्हणून २५० भरायचे नाहीत. तिला चार-पाच वाक्यं पुरतील. दहावीत माझे ग्रेड्स घसरले. अकरावीच्या सुरुवातीला मला एडीएचडीचं निदान झालं. तेव्हापासून मी हे हे करते, म्हणजे आठवड्याचं प्लॅनिंग, मोठ्या असाइनमेंटचे तुकडे, टेस्टला जादा वेळ. अकरावीचे माझे ग्रेड्स हे, त्यात केमिस्ट्रीच्या पुढचा सायन्स कोर्सही आहे. बस. औषधाचं नाव नको, डोस नको, सायकॉलॉजिस्टचा रिपोर्ट जोडायचा नाही (बरेच जण जोडतात, कृपा करून नको, तो ॲडमिशनवाल्यांसाठी नसतोच), हिस्टरीच्या सरांना कसं कळलं नाही याची तक्रार तर अजिबात नको. सूर असा हवा की झालेलं सांगतेय, दया मागत नाहीये.

कॅलिफोर्नियाच्या सरकारी यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) कॉलेजेसला भरणार असाल तर तिथे कारभार वेगळा, काउन्सेलरचं पत्र सहसा मागतच नाहीत, आणि एसएटी तर ते बघतच नाहीत. त्यामुळे तिथे सांगायचं तर तिलाच सांगावं लागेल, आठातले चार प्रश्न निवडून प्रत्येकी ३५० शब्दांपर्यंतची उत्तरं असतात त्यात, किंवा शेवटी ज्यादा माहितीची जागा असते तिथे. मी ती शेवटची जागा वापरेन.

आता तिचा एसे. इथे तुम्ही दोघं आणि ती अशी ओढाताण चालली असणार हे मला पत्रावरून दिसतंय, तुम्ही तो एसे वाचलाय आणि तुम्हाला रडू आलंय असं लिहिलंय. मी तिला लिहू नको म्हणणार नाही. पण एक गोष्ट करून बघायला सांगा, तुम्ही नका करू, तिला सांगा. एसेमधून एडीएचडी, निदान, गोळी, टेस्ट असे शब्द खोडायचे आणि उरलेलं वाचायचं. त्यात ती उरते का? तिला काय आवडतं, ती कशावर हसते, एखाद्या गोष्टीत तासन्तास कशी हरवते, कोणाशी कशी वागते, हे काही उरतं का? उरत असेल तर एसे चांगला आहे, शब्द परत घाला. पण जर खोडल्यावर कागद रिकामाच झाला, तर ६५० शब्द तिने त्या कामाला खर्च केले जे पाच वाक्यांत होतं, आणि तिच्याबद्दल काही सांगायची एकमेव मोठी जागा गेली. "मला अडचण होती, मला कळलं, मी जिंकले" या साच्यातले एसे वाचणाऱ्यांनी ढिगाने वाचलेले असतात. आणि सोळा-सतराव्या वर्षी, निदान होऊन वर्षही झालं नसताना, "मी यावर मात केली" असं लिहायला लावणं हे मला जरा क्रूरच वाटतं. तिने मात बित काही केलेली नाही, तिला आत्ताशी कळतंय काय चाललं होतं. तेच तसं लिहिलं, अर्धवट, अजून शोधतेय असं, तर ते जास्त खरं आणि वाचायलाही बरं.

मघाशी ईमेल तिने पाठवायचा म्हटलं, त्याचं कारण. तुमच्या अख्ख्या पत्रात तुम्हाला काय वाटतं, मिस्टरांना काय वाटतं, काउन्सेलरला काय वाटतं हे आहे. तिला काय हवंय याबद्दल एक ओळ, ती पण तक्रारीच्या सुरात. ही माहिती तिची आहे हो. तिच्या मेंदूची. तुम्ही दोघांनी सल्ला द्यावा, भांडावं सुद्धा, पण शेवटचं हो किंवा नाही तिचं. हे मी तत्त्व म्हणून सांगत नाहीये, पुढे काय होणार आहे ते बघून सांगतेय.

हायस्कूल संपलं की शाळेचा प्लॅन तिथेच संपतो. लोकांना वाटतं ५०४ किंवा आयईपी कॉलेजात आपोआप पुढे जातं, तसं काही नाही. शाळेत मदत शोधून द्यायची जबाबदारी शाळेची होती, आयईपीच्या कायद्यात तर अडचण असलेलं मूल शोधून काढणंसुद्धा शाळेवरच आहे. कॉलेजात कोणी शोधत येत नाही. डिसॅबिलिटी सर्व्हिसेस किंवा ॲक्सेसिबिलिटी ऑफिस असं काहीतरी नाव असतं, तिथे विद्यार्थ्याने स्वतः जायचं, कागद द्यायचे, मग ते पत्र देतात, मग ते पत्र दर सेमिस्टरला प्रोफेसरांपर्यंत पोचवायचं. आणि तुम्ही फोन केलात तर ते तुमच्याशी बोलणारही नाहीत, कारण कॉलेजात गेल्यावर फर्पा या शिक्षणाच्या रेकॉर्डच्या गोपनीयतेच्या कायद्याने रेकॉर्डवरचा हक्क पालकांकडून मुलाकडे जातो. म्हणजे दीड वर्षाने या मुलीला एकटीने एका अनोळखी ऑफिसात बसून "मला हे आहे आणि मला हे हवं" असं म्हणायचंय. आत्ता जर घरात तिला हेच शिकवलं की ही लपवायची गोष्ट आहे, आजीपासूनसुद्धा, तर ती तिथे जाणारच नाही. बरीच मुलं जात नाहीत. नवीन जागा, नवीन सुरुवात, कशाला ते लेबल परत, असं म्हणून ऑगस्टमध्ये जात नाहीत आणि ऑक्टोबरमध्ये मिडटर्मला आपटल्यावर धावतात, तेव्हा कळतं की मिळालेली सवलत मागच्या परीक्षेला लागू होत नसते.

म्हणून हे दोन वेगळे निर्णय आहेत हे नीट समजून घ्या, कारण घराघरात यांची गल्लत होते. ॲडमिशनच्या फाइलमध्ये सांगणं, हे ऐच्छिक, केस बघून, नाही सांगितलं तरी चालेल. ॲडमिशन मिळाल्यावर ॲक्सेसिबिलिटी ऑफिसला सांगणं, हे माझ्या मते जवळजवळ नेहमीच करावं. दोन्ही ऑफिसं वेगळी, एकाची माहिती दुसरीकडे आपोआप जात नाही, आणि ॲप्लिकेशनमध्ये लिहिलं म्हणून सवलत आपोआप मिळते असंही नाही. १ मे ला कॉलेज पक्कं केलं की मे-जूनमध्येच तिला रजिस्टर करू दे. तपासणीचा रिपोर्ट अलीकडचा लागतो, किती जुना चालेल ते प्रत्येक कॉलेजच्या साइटवर असतं, तुमचा ताजाच आहे. नुसती ५०४ ची कॉपी बहुतेक ठिकाणी पुरत नाही. सवलती तिथे मिळतात त्या साधारण जादा वेळ, शांत खोली, नोट्ससाठी मदत, कधी रजिस्ट्रेशनला आधी नंबर. सगळ्या डेडलाइन ढकलून देणं किंवा अभ्यासक्रम हलका करणं याची अपेक्षा ठेवू नका. आणि एकदा का रजिस्टर केलं की सवलत वापरलीच पाहिजे असं नसतं, नुसती असू दे.

गोळीचंही तेव्हाच बघा. एडीएचडीची जी नेहमीची स्टिम्युलंट औषधं आहेत ती इथे शेड्यूल २ मध्ये, म्हणजे कडक नियंत्रण असलेल्या औषधांच्या यादीत येतात, त्यांना रिफिल नसतो, दर वेळी नवीन प्रिस्क्रिप्शन लागतं, दुसऱ्या राज्यातल्या कॉलेजात गेली तर तुमचा इथला डॉक्टर ते देऊ शकेल का, कॉलेजचं हेल्थ सेंटर लिहून देतं का (काही अजिबात देत नाहीत), हे सप्टेंबरमध्ये शोधत बसण्यापेक्षा उन्हाळ्यात विचारलेलं बरं. आणि रूममध्ये कुलूप लागणारी छोटी पेटी. कॉलेजात या गोळ्या मागणारे मित्र निघतात, आणि देणं हा गुन्हा आहे, हे तिला कोणीतरी स्पष्ट शब्दांत सांगायला हवं.

कॉलेज निवडतानाही हे ऑफिस बघून या. टूरमध्ये दाखवत नाहीत, मागून भेट घ्यावी लागते. ज्यांना जास्त आधार लागतो त्यांच्यासाठी काही ठिकाणी वेगळे प्रोग्राम आहेत, युनिव्हर्सिटी ऑफ ॲरिझोनाचं सॉल्ट सेंटर, डेन्व्हर युनिव्हर्सिटीचा लर्निंग इफेक्टिव्हनेस प्रोग्राम, यांना फी वेगळी पडते. व्हरमाँटमधलं लँडमार्क कॉलेज तर १९८५ पासून अशाच मुलांसाठी आहे. तुमच्या मुलीला एवढं लागेल असं वाटत नाही, पण हे वाचणाऱ्या कोणाला तरी लागेल. आणि अशा ठिकाणी भरताना अर्थातच लपवायचा प्रश्नच येत नाही, तिथे सांगणं हाच ॲप्लिकेशनचा गाभा.

एसएटीचं एक राहिलं. शाळेत जादा वेळ मिळतो म्हणून एसएटीला आपोआप मिळत नाही, कॉलेज बोर्डाकडे वेगळी परवानगी लागते, शाळेतला जो कोऑर्डिनेटर असतो त्याच्यामार्फत, आणि त्याला सात आठवड्यांपर्यंत लागू शकतात. ऑगस्टची परीक्षा द्यायची असेल तर शाळा सुटायच्या आत अर्ज गेलेला हवा, सुट्टीत तो कोऑर्डिनेटर सापडत नाही. परवानगी एकदा मिळाली की एपीच्या, म्हणजे हायस्कूलमधल्या कॉलेज पातळीच्या कोर्सेसच्या, परीक्षांनाही तीच चालते. एसीटीचं मात्र वेगळं करावं लागतं.

आता तुमच्या मिस्टरांच्या "मी पण असाच होतो" बद्दल. हे मी घरोघरी ऐकते, आणि प्रत्येक वेळी ते विरोधातला मुद्दा म्हणून मांडलं जातं. एडीएचडी घराण्यात चालतं, अगदी ठळकपणे, त्यामुळे बाबा असेच होते हा मुद्दा खरं तर मुलीच्या निदानाच्या बाजूचा आहे. त्यांचं काही अडलं नाही म्हणतात, असेल, पण त्यांना शांतपणे विचारा ना, की नाही अडलं ते कशाच्या जिवावर, रात्र रात्र जागून, आईने मागे लागून, किती शिव्या खाऊन. माझा अंदाज आहे की ते गप्प बसायला सांगतायत ते कॉलेजसाठी नाही. आणि तुमचं "ती तशी नाहीये हो" हे वाक्यही मला कॉलेजबद्दलचं वाटलं नाही. "तशी" म्हणजे कशी? वर्गात उड्या मारणारी, मतिमंद, डोक्यावर परिणाम झालेली, आपल्याकडे या सगळ्याला एकच पोतं आहे. लक्ष लागत नाही, ते ठरवूनही लागत नाही, हेच तर एडीएचडी, "फक्त" म्हणून काही बाजूला काढायला उरत नाही. मुलींमध्ये तर हे बऱ्याचदा असंच असतं, खिडकीबाहेर बघणारी गप्प मुलगी कोणाला त्रास देत नाही म्हणून कोणी तपासत नाही. २०१३ पर्यंत तर निदानाची अटच होती की लक्षणं सात वर्षांच्या आत दिसायला हवीत, मग ती बारा केली, आणि अट लक्षणं दिसण्याची आहे, निदान होण्याची नाही. त्यामुळे सोळाव्या वर्षी कळलं यात संशय घेण्यासारखं काही नाही, कोणी "इतक्या उशिरा कसं" म्हटलं तर हे सांगा.

सासूबाईंना सांगायचं का, तर तो प्रश्न मला नका विचारू, मुलीला विचारा. ती म्हणेल सांग, किंवा म्हणेल नको आजी रोज बदाम भिजवून देईल. दोन्ही चालेल. फक्त "कोणाला कळता कामा नये" हे वाक्य घरातून काढा.

भारतातून इथल्या कॉलेजांना भरणाऱ्या मुलांची पण पत्रं येतात, त्यांच्यासाठी थोडं. तुमच्या शाळेत ५०४ वगैरे काही नसणार, ते नसलं म्हणून अडत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडून इंग्रजीत नीट रिपोर्ट करून घ्या, त्यात कुठल्या टेस्ट केल्या, मार्क काय आले, आणि कुठली मदत सुचवली हे हवं, नुसतं "एडीएचडी आहे" असं अर्ध्या पानाचं सर्टिफिकेट पुरत नाही. एसएटीच्या सवलतीसाठीही तोच लागेल आणि नंतर कॉलेजच्या ऑफिसलाही. तुमच्या शाळेतल्या काउन्सेलरला पत्रात काय लिहायचं हे बहुधा माहीत नसेल, तेव्हा वर सांगितलेली चार-पाच वाक्यं स्वतःच लिहा. आणि एफ-१ व्हिसावर आल्यावर कधी कोर्सेस कमी करावेसे वाटले तर परस्पर कोर्स सोडू नका, व्हिसासाठी फुल टाइम असावं लागतं. मेडिकल कारणाने सूट मिळते, पण डॉक्टरचं किंवा सायकॉलॉजिस्टचं पत्र घेऊन आधी इंटरनॅशनल ऑफिसमधल्या डीएसओची, म्हणजे व्हिसाचं बघणाऱ्या अधिकाऱ्याची, मंजुरी घ्यायची, मग कोर्स सोडायचा. ॲक्सेसिबिलिटी ऑफिसने हो म्हटलं म्हणजे डीएसओने हो म्हटलं असं होत नाही.